वस्तऱ्याची पाठ

माघात दादांना हिवतापानं धरलं आणि कुरुळीतली माणसं दाढ्या वाढवून हिंडू लागली. थोडे दिवस गावानं वाट पाहिली. मग आबाजी पाटलांनी देहूरोडला निरोप धाडला आणि मालोजीकाका आमच्या दारात येऊन उभा राहिला. एका खांद्याला न्हाव्याची धोकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक. ट्रंक बघून आईनं फुंकणी खाली ठेवली. आठवड्यासाठी येणारा माणूस ट्रंक आणत नाही.

ज्योतीराम, म्हणजे दादा, माझे वडील आणि गावाचे न्हावी; मालोजी त्यांचा धाकटा भाऊ. दादा दोन वाकळा अंगावर घेऊन भिंतीशी कुडकुडत पडले होते. काकानं उंबऱ्यातूनच विचारलं,

"काय थोरलं, थंडी वाजती?"

"तू कशाला आलास?"

"पाटलानं बोलावलं म्हणून. तुमी बोलावलं आसतं तर आलो नसतो."

दादांनी वाकळ डोक्यावरून ओढली. दोघा भावांचं कैक वर्षांतलं हे पहिलं बोलणं.

लढाईच्या काळात काका देहूरोडच्या लष्करी छावणीत गेला होता. तिथं खुर्चीत बसवून, गळ्यात टॉवेल बांधून, समोर आरसा ठेवून दाढी करायची. पहिल्या सुट्टीला तो घरी आला तेव्हा त्याच्याकडे काळ्या पट्टीचं एक वेटोळं होतं. विजेच्या तारांना गुंडाळतात तसली, कापडाची, डांबराचा वास मारणारी. डेपोतल्या वायरमननं दिलेली. वस्तरा पथरीवर घासायच्या आधी काकानं तिचा लांबट तुकडा कापला आणि वस्तऱ्याच्या पाठीवर, धारेच्या विरुद्ध अंगाला जो जाड कणा असतो त्यावर, चिकटवून दाबला. ओट्यावर माणसं बसली होती. दादा सगळ्यांदेखत हसले.

"पागुटं घालून आंगुळ करतोस व्हय रं?"

"तुमच्या वस्तऱ्याची पाठ बगा आदी," काका म्हणाला. "बाच्या हातात हुता तवा कशी गोल हुती. घासून घासून उलथन्यावानी केलीसा."

"पाठ झिजती म्हणून धार जाग्याव ऱ्हाती. दोगी येका पथरीवर, येका मापानं झिजाय पायजेत. तू एकीला पाळण्यात घालतोस आन् दुसरीला रानात धाडतोस."

"छावणीत समदी आशीच लावत्यात."

"मग छावणीतच ऱ्हा."

तो राहिला. माझ्या आज्याच्या, त्यांच्या बापाच्या, बाराव्याची आमटीही दोघांनी दोन पंगतींत खाल्ली. यंदा छावणीतल्या दुकानाचा ठेका दुसऱ्याला गेला, हे आम्हाला चाकणच्या बाजारात कळलं. काकानं ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी चाकणच्या मुलींच्या शाळेत शिकवायला जात असे आणि राहत असे माहेरी. सासर सुटून बराच काळ झाला होता. काका आल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्याकडं बघून म्हणाला, "रंभी नांदली आसती तर आज वस्तरा धराया घरात येक जावाय तरी आसता." आईनं त्याच्या ताटात भाकरी टाकली. वाढली नाही, टाकली.

काका गावात फिरू लागला. त्याच्या हाताला वेग होता आणि तोंडालाही. छावणीतल्या गोष्टी सांगत तो चार दाढ्या करी तेवढ्या वेळात दादांची एक होई. पण पाटलांच्या वाड्यावर त्याचा वस्तरा चालला नाही. पाटील म्हणाले, "पलटणीतला नको आमाला. ज्योतीरामचा आण." दादांचा वस्तरा विलायती होता, आज्यानं पुण्याच्या कँपातून आणलेला. त्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना झिजून दोन सपाट चकचकीत पट्टे पडले होते. दादा तापात बरळत होते तेव्हा आईनंच तो धोकटीतून काढून काकाच्या हातात दिला. संध्याकाळी काका परत येऊन म्हणाला, "पाटील गालाव हात फिरवून म्हणला, ज्योतीरामचा वस्तरा त्यो ज्योतीरामचाच." आणि हसला. आम्हाला वाटलं, कौतुकानं हसला.

फाल्गुनात दादा उठले. तापानं मांड्यांवरचं मांस नेलं होतं, धोतर कमरेला दोनदा गुंडाळावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी ओट्यावर पोतं अंथरलं, पथरी पुसली, तिच्यावर पाण्याचे चार थेंब सोडले. मग वस्तरा आडवा ठेवला, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, आणि पुढं ढकलला. पाठीवर उलटवला, मागं ओढला. तो आवाज ऐकत मी मोठी झाले. पातळ, एकसारखा, जात्याला लाजवणारा.

शेजारचा रंगराव पहिला बसला. गालावर पाणी चोळून दादांनी वस्तरा टेकवला आणि एकच हात खाली आणला. रंगराव पोत्यावरून हातभर मागं सरकला.

"ज्योतीराम, दाढी करतोस का कोंबडी सोलतोस?"

माणसं हसली. दादांनी वस्तरा पुसून पुन्हा पथरीवर घेतला. पुन्हा केली. रंगरावच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तो बसून राहिला, कारण तो शेजारी होता. त्यानंतरचा माणूस बसला नाही. "मालोजी हाय का?" त्यानं विचारलं.

ते विचारणं मग रोजचं झालं. लोक ओट्यापाशी येत, दादांना रामराम करत आणि त्यांच्या खांद्यावरून घरात बघत. "मालोजी हाय का?" खळी सुरू झाली तेव्हा बलुत्याचं धान्य काकाच्या घोंगडीत पडलं. ती घोंगडी उचलायला दादा गेले होते, कारण काका दुसऱ्या खळ्यावर होता.

दादा पथरीला दोष देत. कुणाचा तरी तेलाचा हात लागलाय, म्हणत, आणि आईकडे बघत. पथरी राखेनं घासली. चामड्याचा पट्टा एरंडेल लावून उन्हात धरला. वस्तरा मात्र लागेना. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली की ती रुतायला हवी, ती घसरायची. धोकटीत दुसरा वस्तरा होता, पण त्याच्या धारेला दात पडलेले. एके सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा दादा गोठ्याच्या दाराशी उभे होते. उजवा हात समोर लांब धरून बोटांकडे बघत होते. मला पाहिल्यावर तोच हात त्यांनी म्हशीच्या पाठीवर ठेवला.

काका सगळं बघत होता. जेवताना बोलायचा.

"तापानं मानूस हलतंच, वैनी. त्यात लाजायचं काय? थोरल्यांनी आता बसून खावं."

"कुणाचं?" आई म्हणाली.

"माजं. मी काय न्हाई म्हंतो?"

दादांनी भाकरी खाली ठेवली आणि हात धुतले. त्या दिवसांत ते निम्मं जेवण करत आणि घरातल्या कुठल्याही कामाला हात लावत नसत. आईच्या कोयत्याची मूठ चिरली होती, काटे तोडताना तिच्या तळव्याला चिमटे बसत. दोनदा सांगून झालं. "मालोजीला सांग," ते म्हणाले. "त्याचा हात चांगला हाय."

वैशाखात पाटलांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. हळदीआधी नवऱ्या मुलाची दाढी करायचा मान घराच्या न्हाव्याचा. लोक काहीही म्हणत असले तरी तो मान दादांचा होता आणि पाटलांनीही त्यांनाच बोलावलं. आदल्या दिवशी दादा सकाळपासून पथरीवर बसले. दुपारचं ऊन ओट्यावर आलं तरी उठले नाहीत. पथरीवरचं पाणी काळं होऊन पोत्यावर ओघळत होतं.

मांडवात ताशा वाजत होता. मुलगा पाटावर पूर्वेला तोंड करून बसला होता, करवल्या हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या. दादांनी गालाला पाणी लावलं. वरचा हात नीट उतरला. जबड्याखाली वळताना केस अडकले. दादांनी ओढलं, मुलानं मान हिसडली आणि नव्या पांढऱ्या धोतरावर रक्त पडलं. फार नव्हतं. पण हळदीच्या आधी पडलं. म्हातारी माणसं एकदम बोलायला लागली. ताशा थांबला. पाटील म्हणाले,

"हात गेला तुजा, ज्योतीराम. मालोजी, तू ये पुढं."

काका पुढं आला. त्याच्या धोकटीत त्याचा वस्तरा लावून तयार होता. पाण्याची वाटी दादांच्या हातातच राहिली होती. सगळा मांडव बघत होता. त्या वेळी काकानं एकच वाक्य बोलायला हवं होतं. तो म्हणाला,

"थोरलं, वाटी जरा वर धरा."

दादांनी धरली. दाढी होईपर्यंत धरून उभे राहिले. वाटीतलं पाणी हलत नव्हतं. ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. दादांनी मला ओट्यावर बोलावलं.

"काजळ आन."

आई आळीतल्या तान्ह्या पोरांसाठी काजळ धरून डबीत ठेवत असे. मी डबी आणली. दादांनी करंगळीनं काजळ घेतलं आणि वस्तऱ्याच्या धारेला दोन्ही अंगांनी, टाचेपासून टोकापर्यंत सारवलं. मग पथरीवर एकदाच पुढं ढकलला, एकदाच मागं ओढला. उचलून उन्हात धरला, डोळे बारीक केले, लांब धरला, जवळ धरला. शेवटी माझ्या हातात दिला.

"बग. काळं कुटं ऱ्हायलंय?"

"धारेवर."

"नीट बग."

"धारेवरच, दादा. समद्या लांबीला. जरा आतल्या अंगाला पुसलंय. अगदी कडेला केसाएवढी काळी रेघ हाय तशीच हाय."

दादांनी वस्तरा परत घेतला आणि नख पाठीवरून ओढलं, त्या सपाट पट्ट्यांच्या कडेनं. नखात काहीतरी काळपट, चिकट आलं. ते त्यांनी हुंगलं आणि बोट माझ्या नाकापुढं धरलं. डांबर.

"पट्टीवर लावला त्यानं," दादा म्हणाले. "पाठीखाली पट्टी आली की पाठ उचलती. मग धार उभी बसती. मग पट्टी काढून ठिवली. पाठ खाली बसली, कड वर ऱ्हायली. पथरीला टेकतच न्हाई. होळीच्या आदीपासनं मी निसता पोटाला घासतोय."

"मी काकाला विचारते."

"न्हाई."

"पाटलांना तरी सांगू."

"काय सांगशील? ज्योतीरामाला सवताचा वस्तरा वळखू आला न्हाई, आसं?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. "माघात भावजी गोठ्यामागं बसलं हुतं पथरी घिऊन," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांचाच हाय. मग ती पट्टीच लावा की आता. फळीवर हाय त्यांची. घडीभराचं काम."

"तू आत जा."

"लोक हसायचं थांबत्याल."

"आत जा म्हनतो ना!"

पट्टी लावली असती तर वस्तरा संध्याकाळपर्यंत लागला असता, हे दादांना आमच्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांनी माळ्यावरून भरड दगड काढला. पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासत राहायचं. पाठ झिजेल, आतलं पोलाद झिजेल, आणि ते झिजत झिजत पुन्हा कडेपर्यंत पोचेल. लागायचे तितके दिवस लागतील.

काका संध्याकाळी आला तेव्हा ओट्यावर भरड दगड होता आणि शेजारी काजळाची डबी उघडी होती. दोन्हींकडे त्यानं बघितलं.

"भरड दगडाव कशाला घेतलासा? पातं खाऊन टाकंल."

"माजं पातं हाय."

"पट्टी दिऊ का?"

"मागितली का मी?"

काकानं खांदे उडवले, चपला काढल्या आणि पाय धुवायला गेला. जाताना त्यानं शीळ घातली. छावणीतली काहीतरी चाल होती.

मग घरात दुसरं काही उरलं नाही. सकाळी दगड, दुपारी दगड. ऊन सरके तसं दादा पोतं सरकवत. रोज एकदा काजळ लावायचं आणि मी बघायचं. "किती?" "तेवढीच." "खोटं सांगू नको." "तेवढीच हाय, दादा." पाचव्या-सहाव्या दिवशी रेघ टाचेकडं पुसली गेली. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मधी?" मध्ये होती. त्यांच्या अंगठ्याचं बूड सुजून वांग्यासारखं झालं होतं. आई हळद आणि चुन्याचा लेप लावायची आणि ते तो पाण्यात धुऊन पुन्हा बसायचे. लोक रस्त्यानं जाताना सावकाश होत. "अजून लागंना व्हय?" रंगराव म्हणाला. दादांनी मान वर केली नाही.

ताप परत आला. या वेळी कुडकुडणं कमी आणि धाप जास्त. मूठ मिटेना, तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि गोठ्यामागं पोतं टाकायला सांगितलं.

"बाईनं वस्तरा धरू न्हाई म्हणत्यात," मी म्हटलं.

"कोन म्हंतं?"

"तुमीच म्हणायचा."

"मग कुनी बगत न्हाई तवर धर."

ते भिंतीला टेकून बसले, अंगावर वाकळ, वैशाखाच्या उन्हात. माझं पहिलंच ढकलणं त्यांना आवडलं नाही. दुसरंही नाही. "मनगट आवळू नगं. शाळंत पोरींना आशीच शिकवतीस? पाठ उचलतीया तुजी, उचलतीया. तूच पट्टी झालीस की मग. खाली टेकव. दोगी खाली." मला त्यांचा राग आला होता. तो राग मी हातात जाऊ दिला नाही, कारण हातात गेला की पाठ उचलली जायची. संध्याकाळी काजळ लावून पाहिलं. टोकाकडची बोटभर जागा सोडली तर रेघ गेली होती.

"टोक ऱ्हायलंय," मी म्हटलं.

"टोकाला येळ लागतो."

त्यानंतरच्या सकाळी ते उठले नाहीत. आईनं चहा नेला आणि कप हातात घेऊनच परत आली. मी आत जाऊन पाहिलं. त्यांचा उजवा हात वाकळेबाहेर होता, सुजलेला, आणि बोटांच्या रेषांत दगडाचं काळं पाणी वाळलेलं होतं. अंघोळ घालताना ते निघालं नाही.

दादांना मुलगा नव्हता. अग्नी काकानं दिला. सुतकात तो पुढच्या ओट्यावर बसे आणि भेटायला येणाऱ्यांना सांगे, "शेवटाला हात चालत न्हवता. त्येच मनाला लावून घेतलं." माणसं मान हलवत. मी मागं, गोठ्याच्या आडोशाला बसे. पहिल्या दिवशी आई शेण काढायला आली, माझ्यापुढचा दगड बघितला, आणि मधल्या दोरीवर एक वाकळ वाळत टाकली. ओट्यावरून मागचं दिसेना. टोकाला खरंच वेळ लागतो. एका दुपारी काजळ लावलं, वस्तरा एकदा पुढं ढकलला, एकदा मागं ओढला, आणि उन्हात धरला. कडेला काही नव्हतं. तरी मी पुन्हा लावून पुन्हा पाहिलं. मग बारीक पथरी घेतली, मग पट्टा.

नखावर टेकवला. रुतला.

आईला दाखवला तेव्हा ती धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"दहाव्याला भादराय मोशीचं दत्तोबा येनार हायती ना?"

"हो."

"त्यांना सांग, ह्याच वस्तऱ्यानं करा म्हणावं."

तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. ते माझ्याही मनात होतं.

दहाव्याला माणसं इंद्रायणीच्या काठी जमली. नदीत पाणी कमी होतं, खडक उघडे पडले होते, पाय ठेवला की चटका बसे. अग्नी देणाऱ्यानं डोकं भादरायचं असतं. काका उघड्या अंगानं, ओल्या पंच्यात एका दगडावर बसला. आबाजी पाटील बाभळीखाली छत्री टेकून उभे. दत्तोबा मोशीचे, आमच्या भावकीतले, दादांच्या वयाचे. त्यांनी आपली धोकटी सोडली होती. मी पिंडाच्या भाताचं भांडं खाली ठेवलं आणि फडक्यात गुंडाळलेला वस्तरा त्यांच्यापुढं धरला.

"आईनं सांगितलंय, ह्यानं करा."

दत्तोबांनी फडकं उलगडलं. "ज्योतीरामचा? मग ह्याच्यानंच."

काकानं मान वळवली. "कुठला त्यो?"

"तुज्या भावाचा."

"नगं. तुजा घे."

"आरं, मेल्या मानसाचा मान हाय."

"मान हाय म्हणून तर," पाटील बाभळीखालून म्हणाले. "होऊ दे त्याच्यानंच, मालोजी. त्याच्या हातानं न्हाई तर वस्तऱ्यानं."

दत्तोबांनी काकाच्या डोक्यावर पाणी ओतलं, तळव्यानं चोळलं, आणि डाव्या हातानं डोकं खाली दाबलं. वस्तरा उचलला. काकानं त्यांचं मनगट धरलं.

"सोलशील मला."

"आगा, न्हाव्याचं पोर ना तू? वस्तऱ्याला भितोस?"

लोक थोडे हसले. काका हसला नाही. मनगट सोडलंही नाही.

"त्याची धार पथरीला लागत न्हाई. किती बी घासा, लागनार न्हाई."

"तुला काय म्हाईत?"

डोक्यावरचं पाणी काकाच्या नाकावरून गळत होतं. दत्तोबांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडून, एकदम बोलला. "मीच लावला हुता त्यो माघात. पट्टीवर. पाटलांना ह्योच पायजे हुता म्हणून. थोरल्यांनी मग बिनपट्टीचा घासला. कसा लागंल?"

पाटलांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आमच्या मांडवात ह्योच हुता?"

"व्हय."

"आन् तुला ठावं हुतं?"

काकानं ओला पंचा मांडीवर ओढला.

"हात गेला म्हणलो मी त्याला. पंचक्रोशीदेखत."

"तुमी म्हणलासा," काका म्हणाला. "मी न्हाई म्हणलो."

दत्तोबांचं मनगट अजून काकाच्या मुठीत होतं. त्यांनी वस्तरा दुसऱ्या हातात घेतला आणि धरलेल्या हाताच्या केसांवरून अलगद फिरवला. पात्यावर केस गोळा झाले. फुंकर मारून त्यांनी ते उडवले.

"लागतोय की," ते म्हणाले.

काकानं बघितलं. दत्तोबांच्या हातावर पैशाएवढी गुळगुळीत जागा झाली होती. त्यानं वस्तऱ्याच्या पाठीकडं बघितलं. तिथं काही चिकटवलेलं नव्हतं, पूर्वीपेक्षा रुंद झालेले दोन सपाट पट्टे फक्त चमकत होते. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भाताच्या भांड्यावरचं झाकण नीट केलं.

त्यानं मनगट सोडलं.

दत्तोबांनी घाई केली नाही. माथ्यापासून कपाळाकडं, माथ्यापासून मानेकडं, एकेक हात लांब. वस्तऱ्याचा आवाज येत नव्हता. केस ओल्या गुच्छांनी खडकावर पडत होते. "डोकं मोठं हाय तुजं," मध्येच ते म्हणाले, "येळ लागंल." कुणी हसलं नाही. झाल्यावर काकानं टाळूवरून, कानांमागून, मानेवरून हात फिरवला आणि बोटं डोळ्यांपुढं धरली. रक्त नव्हतं.

पाटील म्हणाले, "ऊन फार झालं. उरका." दादांविषयी ते आणखी काही बोलले नाहीत.

दत्तोबांनी वस्तरा धुऊन, पुसून मिटवला. काकानं बसल्याजागी हात पुढं केला होता. त्याच्या भादरलेल्या डोक्यावरून त्यांनी वस्तरा माझ्याकडं दिला. "कुनी लावला?" त्यांनी हळू विचारलं.

"दादांनी."

त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. "त्याला तूप लाव," ते म्हणाले आणि धोकटी बांधायला लागले.

पिंडाला कावळा कधी शिवला ते मी पाहिलं नाही. मी घरी निघाले होते.

आई मागच्या दारात बसली होती.

"भावजी बोललं का?"

"बोलला."

"कुनापुढं?"

"पाटलांपुढं. सगळ्यांपुढं."

तिनं मान हलवली. कपाळावर कुंकू नसलेला तिचा चेहरा अजून माझ्या सवयीचा झाला नव्हता. "जेवून घे," ती म्हणाली. "सकाळधरनं तशीच हायस."

गावाला न्हावी हवाच होता. तेराव्यानंतर माणसं ओट्याशी येऊ लागली आणि "मालोजी हाय का?" असं विचारू लागली, फक्त आत डोकावून बघायची गरज आता नव्हती. पाटीलही त्याच्याकडूनच दाढी करून घेऊ लागले. वस्तरा काकानं मागितला नाही. पण एका सकाळी तो फळीवरची भांडी हलवत, ट्रंकेतले कपडे उपसत घरभर फिरू लागला.

"वैनी, माजी पट्टी बगितली का? काळी?"

आई कुंपणाला काटे तोडायला निघाली होती. तिनं कोपऱ्यातला कोयता उचलला. त्याची चिरलेली मूठ टोकापासून पात्यापर्यंत काळ्या पट्टीनं घट्ट गुंडाळलेली होती, वेढ्यावर वेढा, वेटोळं संपेपर्यंत. काकानं मुठीकडं बघितलं, मग आईच्या हाताकडं.

"सरली," आई म्हणाली आणि बाभळीकडं गेली.